‘गॅस झालाय’ हे निदान नव्हे

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. शुगरवाले, बीपीवाले चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठी लागत नाही असं दुखणं एकच. ‘पोट डब्ब झालंय, गॅसवर काहीतरी द्या.’ दुकानदार मान वर न करता पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो. परवा एकाने छाती चोळत मागितल्या, दुसऱ्याने आईसाठी नेल्या, तिसऱ्याच्या म्हणे गुडघ्यात गॅस धरला होता. तिघांना गोळी एकच.

माझं भांडण त्या दुकानदाराशी नाही, ‘गॅस’ या शब्दाशी आहे. आपल्या आज्यांकडे पोटाच्या तक्रारींचे किती शब्द होते! जास्त जेवलं की तडस लागायची. वारा अडला की गुबारा धरायचा. करपट ढेकर वेगळा, मुरडा वेगळा, नुसती गुडगुड वेगळी. प्रत्येक शब्दात केव्हा, कुठे, कशामुळे याचं अर्धं उत्तर असायचं. आता या सगळ्यांवर एकच झाकण बसलंय. आणि झाकण बसलं की खाली काय शिजतंय ते कोणी बघत नाही.

आधी समोरच्यांची बाजू मांडतो, आणि ती लंगडी करून मांडणार नाही. ते म्हणतात, पोट डोळ्यांदेखत फुगतं, ढेकर आला किंवा वारा सरला की मोकळं वाटतं. मग आत वायूच भरला होता, यात शंका कसली? शिवाय उसळ खाल्ली की त्रास होतो, हिंग-ओवा घेतला की थांबतो. अनुभवाला आणखी कुठला पुरावा हवा?

यातला पाया खरा आहे. वाल, मटकी, हरभरा, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. पण हे निरोगी पोटातही रोज घडतं. दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर वायू, आणि दहा-वीस वेळा तो बाहेर जाणं, हा चांगल्या चाललेल्या आतड्याचा हिशेब आहे.

गाडी घसरते ती पुढे. बार्सिलोनाच्या वॉल दे'ब्रॉन रुग्णालयात फर्नांडो अस्पिरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांचे सीटी स्कॅन काढले, एकदा बरं वाटत असताना आणि एकदा पोट टम्म असताना. बऱ्याच जणांत दोन्ही वेळच्या वायूत फरक होता तो किरकोळ. बदललं होतं ते श्वासपटल. एरवी निरोगी माणसाच्या पोटात थोडं काही वाढलं की श्वासपटल वर सरकतं आणि पुढचे स्नायू आवळले जातात. त्यामुळे पोट दिसायला फारसं बदलत नाही. या लोकांत नेमकं उलटं होत होतं. श्वासपटल खाली दाबलं जाई, पुढची भिंत सैल पडे आणि पोट पुढे येई. त्यात यांच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या, म्हणजे इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने यांचा जीव नकोसा होतो. त्रास खोटा नाही, फुगलेलं पोट खोटं नाही, फक्त आत सिलिंडर भरलेला नाही. म्हणूनच अशांना पोटाने श्वास घ्यायचं आणि स्नायू आवळायचं शिक्षण दिलं की उतार पडतो. गोळीने तो कसा पडणार?

‘गॅस वर चढतो’ याबद्दलही एक कबुली द्यायला हवी. तो खरंच चढतो. आतड्यात तयार झालेला हायड्रोजन रक्तात विरघळतो, फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे निघून जातो. दूध पचत नाही का, हे तपासायला डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजतात तो याच आधारावर. पण हा प्रवास विरघळून, निमूटपणे होतो. गुडघ्यात, पाठीत, डोक्यात वायूचा गोळा अडकून बसायला तिकडे आतड्यातून रस्ताच नाही.

आता त्या चार गोळ्या. त्यांतली बहुतेक औषधं आम्ल कमी करतात. छातीत जळजळत असेल, आंबट पाणी घशाशी येत असेल, तर ती उपयोगी आहेत. पण फुगणं हा आम्लाचा विषयच नाही. उलट महिनोन्‌महिने आम्ल दाबून ठेवलं तर काहींच्या लहान आतड्यात जिवाणू माजतात आणि फुगणं वाढूही शकतं. फसफसणाऱ्या पुडीची तर गंमतच आहे. ती पाण्यात टाकली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आपण तो गिळतो आणि मोठा ढेकर देऊन म्हणतो, ‘सुटला एकदाचा!’ सुटला तो बराचसा पुडीतलाच. वर सोडियम पोटात गेलं ते निराळं. रक्तदाब असलेल्यांनी ते विसरू नये.

हे सगळं मला फुकट कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी माझं पोट असं ताणायचं की ऑफिसातून येताना पट्टा दोन भोकं सैल करावा लागे. मी दोष दिला मटकीच्या उसळीला. महिनाभर उसळ बंद ठेवली, फरक शून्य. मग बायकोने शिलाईची टेप आणि एक चाळीसपानी वही हातात दिली. सकाळी बेंबीवरून माप ८६ सेंटिमीटर, संध्याकाळी सातला ९१. शेजारी काय खाल्लं, किती वाजता, पोट साफ झालं की नाही. बाराव्या दिवशी चोर सापडला, तोही दोन नावांचा. तंबाखू सोडल्यापासून खिशात असायच्या त्या बिनसाखरेच्या पुदिन्याच्या गोळ्या, दिवसाला आठ-दहा. त्यात सॉर्बिटॉल, ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, पाणी ओढतं आणि पुढे आंबतं. दुसरा चोर म्हणजे दुपारनंतरचे घट्ट दुधाचे चार चहा. गोळ्या बंद केल्या, चहा दोनवर आणला. तीन आठवड्यांनी संध्याकाळचं माप ८७. मटकी आता आठवड्यातून दोनदा होते आणि बिचारी निर्दोष आहे.

म्हणून ‘कडधान्यं बंद करा’ हा सल्ला मला सगळ्यांत अन्यायाचा वाटतो. आपल्या स्वयंपाकघराने हा प्रश्न कधीच अर्धा सोडवला होता. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून शिजवलं की त्या त्रासदायक शर्करा बऱ्याच कमी होतात. बिरड्याचे वाल सोलत बसणाऱ्या बाईला रॅफिनोज ठाऊक नव्हतं, कृती ठाऊक होती. आता कुकरला सोडा घालून न भिजवलेला राजमा चढवायचा आणि नाव मटकीचं घ्यायचं! हिंग-ओव्याशी माझं भांडण नाही, खुशाल घाला. फक्त बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात बेतलेला फॉडमॅप आहार हल्ली आपल्याकडेही पोचलाय. कांदा, लसूण, गहू, दूध, काही फळं, कडधान्यं काही आठवडे सोडायची. तो अनेकांना लागू पडतो. पण लोक त्याचा पहिलाच भाग ऐकतात. दोन ते सहा आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो, नाहीतर आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचीच उपासमार होते. मराठी माणसाला कांदा-लसूण जन्मभर सोडायला सांगायचं, तर तसं कारणही हवं.

जेवणाइतकंच बोलायला हवं ते अडवून ठेवण्याबद्दल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ याच विषयावर आहे. तेरा वेग अडवू नयेत, त्यांत मळ आणि अधोवायू दोन्ही आले. आता सकाळी पावणेसातची लोकल धरणाऱ्या बाईने काय करावं? घरी वेळ नाही, गाडीत सोय नाही, कचेरीतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही. बद्धकोष्ठ होतं, साठलेला मळ आंबतो, पोट फुगतं, आणि नवरा म्हणतो, ‘तू बाहेरचं खातेस.’ तिला इसबगोल आणि भरपूर पाणी द्या, ते इतर कोंड्यांच्या मानाने कमी आंबतं. पण त्याआधी तिला सकाळची वीस मिनिटं आणि एक धड दार लागणारा संडास द्या.

पोट फुगण्याचे बहुतेक प्रकार असे निरुपद्रवी आहेत. वही, टेप आणि थोडा संयम पुरतो. उरलेल्या थोड्यांपायी मात्र ‘गॅस’ हा शब्द जिवावर बेततो. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट पूर्वी नव्हतं ते आता वरचेवर फुगू लागलं, महिन्यातून बारा-बारा दिवस, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, ओटीपोट दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, तर ते बीजांडकोशाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना अशा बाईची सीए-१२५ ही रक्ततपासणी करा म्हणतात आणि ती वाढलेली आली तर सोनोग्राफी. वजन घटणं, शौचात रक्त, पंडुरोग, सतत उलट्या, वारा आणि शौच दोन्ही पूर्ण बंद, यांतलं काहीही असेल तर मेडिकलवाल्याचा वेळ घेऊ नका, डॉक्टर गाठा.

आणि छाती चोळत गोळ्या मागणारा तो पहिला गृहस्थ. हृदयाच्या खालच्या भागातला झटका पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, ढेकर, दडपण अशा रूपात येतो, मधुमेही आणि बायकांत तर बऱ्याचदा. सोबत घाम फुटला, धाप लागली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर सोडा पिऊन ढेकराची वाट पाहू नका. १०८ला फोन लावा आणि आधी ईसीजी काढा.