उतारावरचा ट्रॅक्टर

खर्ड्यास पाहुणे आले की आम्ही त्यांस हौसेने किल्ला दाखवितो. 11 मार्च 1795 रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे या गावाचे नाव इतिहासात गेले, याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. विद्यालयाच्या आवारातील पत्र्याची शेड मात्र आम्ही कोणास दाखवीत नाही. तिच्यात ट्रॅक्टर नसतो. तो असतो शेडपुढच्या उतारावर, चाकाखाली धोंडा लावून. सेल्फ फिरला नाही तर धोंडा काढावा, ट्रॅक्टर घरंगळू द्यावा आणि गिअर टाकून क्लच सोडावा, ही आमची वर्षानुवर्षांची रीत आहे. पंचक्रोशीत ती केवळ आमचीच आहे असेही नाही.

हा ट्रॅक्टर बी-275 जातीचा. इंग्लंडमधील याच नावाच्या ट्रॅक्टरचा हा भारतीय अवतार. 1963 साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिने तो येथे बांधावयास घेतला. 1977 साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. सुटे भाग आजही मिळतात आणि सारे यंत्र पान्याने उघडते. तरीही संस्थेच्या बैठकीत दरवर्षी एक सूचना येतेच : ‘आता तो म्हातारा झाला, विकून टाका.’ आमचे मत याच्या विरुद्ध आहे, आणि ते या स्मरणिकेच्या निमित्ताने स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. ट्रॅक्टर म्हातारा झाला म्हणून बंद पडत नाही. आपण त्यास उतारावर ठेवतो, म्हणून तो कशाने बंद पडतो हे आपणांस कधी कळतच नाही.

सकाळी विहारात आपण मुलांस सांगतो की कारणावाचून काही घडत नाही. तासाभराने शेडपाशी येऊन आपणच म्हणतो, ‘आज याची लहर नाही.’

ही विसंगती आम्हांस गेल्या रब्बीत महाग पडली. पाऊस उघडला, वाफसा आला. या भागात वाफसा म्हणजे चार-दोन दिवसांची मेहेरबानी. त्यात ज्वारी पेरली तर पेरली. ट्रॅक्टर खालच्या सपाट रानात बंद पडला. तेथे उतार कुठला? अभ्यासिकेतून मोठी मुले बोलावली गेली आणि चिखलात ढकलण्याचा खटाटोप झाला. सुमारे दोन टनांचे ते धूड मागे सरकले असते तर काय घडले असते, हा विचार आम्हांस त्या रात्री सुचला. तो आधी सुचावयास हवा होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या कारागिराने नवी बॅटरी बसविण्यास सांगितले. ती बसविली, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेरणी जी मागे पडली ती पडलीच.

दोष अखेर सापडला तो बॅटरीची अर्थिंगची पट्टी जेथे बॉडीला आवळली होती तेथे. पट्टीखाली गंज होता आणि रंगही होता. केव्हातरी ट्रॅक्टर रंगवताना बोल्टासकट सारे रंगविले गेले होते. सापडला तो हाताने. सेल्फ काही क्षण फिरवून मग एकेक जोड चाचपला, तर तेवढा एक जोड गरम लागला. जेथे तार नीट टेकत नाही तेथे वीज अडते आणि जोड तापतो, इतकी साधी ही परीक्षा. कानसपट्टीने घासून, पट्टी पुन्हा आवळून, वर थोडे ग्रीस लावले. खर्च काहीच नाही.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. सिलिंडरातील हवा वीसेक पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. सेल्फ मंद फिरला तर दाबलेली हवा रिंगांवाटे निसटते, आणि जी उरते ती आपली ऊब थंड लोखंडास देऊन बसते. म्हणून पौष महिन्यातील पहाटे नुसता ‘घुर्र’ आवाज येतो आणि धूरसुद्धा निघत नाही. भरलेली बॅटरी स्वस्थ असता 12.6 व्होल्टच्या आसपास दाखविते; सेल्फ फिरताना ती 9.5 च्या बरीच खाली घसरत असेल तर बॅटरी तरी थकली आहे, नाही तर सेल्फ अडखळत आहे. बॅटरी ठीक, सेल्फही ठीक आणि तरी फिरणे मंद असेल, तर संशय तारांवर आणि जोडांवर धरावा. हे क्रमाने पाहावे लागते. नवी बॅटरी आणणे हा क्रम नव्हे.

दुसरे दुखणे हवेचे. ट्रॅक्टर चालू होतो, मिनिटभर चालतो आणि खोकत बंद पडतो, तेव्हा टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कोठेतरी हवा शिरलेली असते. जुना वॉशर, ढिला नट किंवा चिरलेली नळी. आधी फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल येऊ द्यावे, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट. हा क्रम उलटा केला की दुपार जाते. आणि हवा काढली म्हणजे काम संपले असे नाही; ती शिरली कोठून हे शोधले नाही तर उद्या पुन्हा तेच.

दोन प्रकार मात्र आम्ही आवारात पूर्ण बंद केले आहेत. एक, हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे. दुसरा, मोठ्या चाकापुढे उभे राहून सेल्फची टोके पेचकसाने जोडणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताच समोरच्या माणसावरच चढतो. असे कोणी करताना दिसले तर वय वा हुद्दा न पाहता त्यास थांबवावे, असे मुलांस सांगितले आहे.

मुलांनी हे शिकण्यात वेळ दवडू नये, त्यांनी पुस्तके वाचावीत, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबण्याचे काम केले, त्यांस मुलांच्या हाती पुन्हा ग्रीस दिसू नये असे वाटणे आम्ही समजू शकतो. परंतु राबणे वेगळे आणि यंत्राचे मर्म जाणणे वेगळे. आपल्याच जामखेड तालुक्यात 1970 पासून डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील स्त्रियांस आरोग्याचे ज्ञान दिले. त्यांतील अनेकींस अक्षरओळख नव्हती. तरीही बाळंतपणातील धोका कसा ओळखावा, जुलाब झालेल्या बाळास काय पाजावे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावोगावी ते करून दाखविले. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहणे हाच एक मार्ग नव्हे, हे या तालुक्याने पाहिले आहे. मग कारागीर येईपर्यंत वाट पाहणे तरी नशिबी का मानावे?

म्हणून नववीच्या मुलामुलींकडे आम्ही एक वही दिली आहे. सीटवर बसण्याची परवानगी त्यांस नाही, आणि बॅटरीतील आम्लाचे काम शिक्षकच करतात. मुलांनी पाहावयाचे, मोजावयाचे आणि लिहावयाचे : सकाळी किती व्होल्ट, सेल्फ कितव्या प्रयत्नास लागला, धूर पांढरा की काळा, फिल्टरच्या तळाशी पाणी दिसले का. एका मुलीने लिहिले, ‘आज ट्रॅक्टर लगेच लागला. कारण माहीत नाही.’ त्या वाक्याखाली आम्ही बरोबरची खूण केली. कारण माहीत नाही हे लिहून ठेवणारे कोणी आमच्याकडे आजवर नव्हते.

ट्रॅक्टर आता सपाटीवर, शेडमध्ये उभा राहतो. आमच्यातील काहींस पहिले काही दिवस झोप लागली नाही, हे कबूल करतो. हिवाळ्यातील पहाटेचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही; हीटरचा संशय आहे. जुन्या पद्धतीचे दोन टोकांचे प्लग एकामागून एक जोडलेले असले तर एकाची तार तुटताच सगळेच थंड राहतात, आणि आमच्या ट्रॅक्टरवर कोणी केव्हा काय बदलले याची नोंद नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी बी-275 चे मूळ माहितीपुस्तक, विशेषतः वायरिंगच्या आकृतीचे पान, राहिले असेल, तर त्याची प्रत विद्यालयाच्या कार्यालयात पाठवावी. एक हायड्रोमीटर आणि बरा व्होल्टमीटर कोणी दिला तरी चालेल. सध्याचा आम्ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आणतो, आणि तो परत करण्यास नेहमी उशीर होतो.