कांचपेटींतलें शेवाळ

दिवाणखान्यांत मासे पाळण्याची हौस एकत्र कुटुंबांत लवकर जडते आणि तितक्याच लवकर ओसरते. व ओसरण्याचें कारण बहुधा शेवाळ हेंच असतें. प्रथम कांचेवर पुसट हिरवी झांक दिसते, मग पानांच्या कडांना तंतु लोंबूं लागतात, आणि महिन्याभरांत वडील मंडळी "हें डबकें आतां बाहेर काढा" असें म्हणूं लागतात. आमच्या घरींही असेंच घडलें. त्यांत आमच्या हातून जी चूक झाली ती वाचकांच्या घरीं होऊं नये, म्हणून या वेळीं आम्ही हा विषय घेत आहों.

मुलांच्या हट्टाखातर ६० लिटर पाण्याची ती पेटी आम्हीं पूर्वेच्या खिडकीजवळ मांडली होती. सकाळचें ऊन पाण्यांतून झिरपतांना मोठें सुंदर दिसे. शेवाळ वाढलें तेव्हां बाजारांतून शेवाळनाशक औषध आणलें, आणि लवकर गुण यावा म्हणून मापापेक्षां अंमळ अधिकच ओतलें. दुसऱ्या दिवशीं शेवाळ पिवळें पडलें. सर्वांना आनंद झाला. तिसऱ्या दिवशीं पहांटे मात्र चार मासे तळाशीं निपचित पडले होते, आणि गोगलगाय तर एकही उरली नव्हती. आमची आठ वर्षांची पुतणी त्या दिवशीं जेवली नाहीं. "काका, औषधानें कसे हो मेले?" या तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुढें शोध करतां जें कळलें तें असें. अशा पुष्कळ औषधांत तांब्याचे क्षार असतात, आणि ते गोगलगाई व कोळंबी यांना विषासारखे बाधतात. शिवाय मेलेलें शेवाळ पाण्यांतच कुजतें, व कुजतांना पाण्यांत विरलेला प्राणवायु संपवितें. रात्रीं वनस्पती प्राणवायु निर्माण करीत नाहींत, उलट वापरतात. म्हणून पहांटे त्याची टंचाई सर्वांत अधिक. शत्रु मारला, पण त्याचें प्रेत घरांतच ठेविलें, असा तो प्रकार झाला.

शेवाळाला उजेड, खत आणि कर्बवायु लागतो. पाणवनस्पतींनाही तेंच लागतें. पंगत एकच आहे. वनस्पती थोड्या किंवा दुबळ्या असल्या म्हणजे उरलेलें ताट आपोआप शेवाळापुढें सरकतें.

१८४९ सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं एका मोठ्या कांचपात्रांत दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली. वनस्पति आणि प्राणी यांचा परस्परांवर निर्वाह होतो काय, हें त्यांना पहावयाचें होतें. कांहीं काळानें जुनीं पानें कुजलीं, पाणी गढूळ झालें आणि कांचेवर हिरवा थर चढला. त्यांनीं त्यांत तळ्यांतल्या कांहीं गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनीं कुजकीं पानें खाल्लीं, थरही खाल्ला, आणि पाणी निवळलें. १८५० सालीं हा वृत्तांत त्यांनीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. औषधाची बाटली उचलण्यापूर्वीं आम्हीं हें वाचलें असतें तर बरें झालें असतें.

नंतर आम्हीं घडी नव्यानें बसविली. पेटी खिडकीपासून दूर नेली आणि वरचा दिवा दिवसांतून सातच तास लावण्याचें ठरविलें. विसर पडूं नये म्हणून घड्याळाची कळ बसविली. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला यांसारख्या झपाट्यानें वाढणाऱ्या वनस्पती प्रथमपासूनच दाट लाविल्या. पिकलेलीं पानें वेळच्या वेळीं खुडून बाहेर काढतों. दर रविवारीं कांच खरवडून चौथा हिस्सा पाणी बदलतों. काढलेलें पाणी कुंड्यांना उत्तम खत होतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन रात्रभर उघड्या भांड्यांत ठेविल्यानें बहुतेक उडून जातो. परंतु जेथें पाण्यांत क्लोरामीन घालतात तेथें तेवढ्यानें भागत नाहीं, त्यासाठीं मिळणारें निवारक वापरावें लागतें.

सर्वांत कठीण प्रश्न खाद्याचा निघाला. चौकशी केली तों मातुःश्री सकाळीं चिमूटभर घालीत, दोघे मुलगे शाळेस जातांना एकेकदां, वहिनी दुपारीं आणि आम्ही स्वतः रात्रीं! प्रेम पांच जणांचें, पोटें मात्र इवलीशीं. न खाल्लेला कण कुजून त्याचा अमोनिया होतो. जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात, आणि शेवाळाला आयतें खत मिळतें. आतां खाद्य दिवसांतून एकदांच, दोन मिनिटांत संपेल इतकेंच.

शेवाळाच्या जातीही ओळखाव्या. नव्या पेटींतील तपकिरी धूळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपणच जाते. पाणीच हिरवें झालें तर पेटी तीन-चार दिवस झांकून अंधारांत ठेवावी आणि मग पाणी बदलावें. पानांच्या कडांवरील काळे दाढीसारखे केंस वस्तुतः तांबड्या शेवाळाच्या कुळांतले. तीं पानेंच कापावीं. निळसर हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी साय हें तर शेवाळच नव्हे. ते जंतु होत. ती नळीनें ओढून काढावी.

दीड महिन्यानें पाणी निवळलें. मागच्या दगडावर थोडी हिरवी लव राहिली आहे. पुतणी ती घासावयास निघाली होती, परंतु नव्या गोगलगाईंचें तें अन्न म्हणून आम्हीं तशीच राहूं दिली. खाद्याचा डबा आतां तिच्या ताब्यांत असतो, आणि चिमूटभर घालावयाचें झालें तरी मातुःश्रींनाही तिची परवानगी घ्यावी लागते.