खोली एकच हवी

मे महिन्यात केळशीला नणंदेकडे होते. तिच्या घरगुती निवासात पुण्याचे दोघे मुलगे आले. ‘खोली एकच हवी,’ म्हणाले नि मान खाली. वन्संनी किल्ली दिली, विचारलं, ‘सोलकढीत मिरची चालेल ना?’

रात्री पडवीत दोघं खुलले. बँकॉकच्या सिलोम भागात म्हणे हातात हात घालून फिरले, नाचले, जेवले. थायलंडात जानेवारी २०२५ पासून अशी लग्नंही कायदेशीर आहेत. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ‘हा गुन्हा नाही’ म्हटलं, २०२३ मध्ये लग्नाला मात्र नाही. ते राहू द्या. पण खोली द्यायला, पान वाढायला कायदा कुठे आडवा येतो? आपल्याच मुलांनी निवांत जेवायला समुद्र ओलांडायचा?

शेजारीण कुजबुजलीच. वन्सं म्हणाल्या, ‘मोदक मागून खाल्ले, महालक्ष्मीला जाऊन आले. आणखी काय हवं?’