व्हायब्रेटर निवडताना भीती कशाची, काळजी कशाची

स्त्रियांच्या व्हायब्रेटरचा विषय निघाला की काही आक्षेप ठरलेले असतात. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, कायद्यानं गुन्हा आहे, याची सवय जडते, नवऱ्याची गरज उरत नाही. २०१८मध्ये ‘वीरे दी वेडिंग’ या हिंदी चित्रपटातल्या व्हायब्रेटरच्या प्रसंगावरून अभिनेत्री स्वरा भास्करवर समाजमाध्यमांत टीकेचा भडिमार झाला. या गोंगाटात बाईला खरोखर उपयोगी पडेल अशी माहिती मात्र कुणी देत नाही.

परकेपणाचा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाविषयी उघड लिहिलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, चालू राहिलं.

कायद्याचं म्हणाल तर अश्लील वस्तूंविषयीचं कलम विक्री, वाटप आणि प्रदर्शन यांच्याभोवती फिरतं; घराच्या चार भिंतींतला वापर हा त्याचा विषय नाही. आयातीवरून वाद होतात, हे खरं. बॉडी मसाजरचा एक माल ‘कामक्रीडेसाठी वापरता येईल’ म्हणून सीमाशुल्क विभागानं अडवला होता. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विभागाचं अपील फेटाळलं आणि ही अधिकाऱ्याची कल्पना असल्याचं म्हटलं. त्या निकालानं सगळ्याच वस्तूंना मोकळीक मिळाली असं नव्हे, पण घाबरून गप्प बसण्याचंही कारण नाही.

समर्थकांनीही आपली एक लाडकी गोष्ट सोडून द्यायला हवी. व्हिक्टोरियन काळात डॉक्टर ‘हिस्टेरिया’वर उपचार म्हणून व्हायब्रेटरनं बायकांना कामतृप्ती देत, असं अजून सर्रास लिहिलं जातं. हॅली लिबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग या अभ्यासकांनी २०१८मध्ये मूळ संदर्भ तपासले. त्यांत या गोष्टीला आधार सापडला नाही. विजेवर चालणारं ते यंत्र बनवणाऱ्या ग्रॅनव्हिल या डॉक्टरानं तर स्त्रियांवर त्याचा वापर आपण टाळल्याचं स्वतःच लिहून ठेवलं आहे. चांगल्या बाजूलाही खोटा पुरावा चालत नाही.

आता सवयीचा मुद्दा. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत १८ ते ६० वयाच्या दोन हजारांवर स्त्रियांना विचारलं गेलं. निम्म्याहून अधिक जणींनी व्हायब्रेटर वापरला होता, आणि वापरणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणींना बधिरपणा, जळजळ असा कसलाच त्रास कधी झाला नव्हता. ज्यांना झाला, त्यांचाही बहुतेक तात्पुरता होता. नवऱ्याशी स्पर्धेची भीती तर शरीररचनेच्या अज्ञानातून येते. स्त्रीच्या कामसुखाचं मुख्य इंद्रिय असलेल्या शिश्निकेचा (क्लिटोरिस) मोठा भाग शरीराच्या आत असतो, हे संशोधक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८मध्ये सविस्तर दाखवलं. केवळ संभोगानं कामतृप्ती होते असं सांगणाऱ्या स्त्रिया २०१८च्या एका अमेरिकी पाहणीत पाचांत एकीपेक्षाही कमी भरल्या. यात नवऱ्याचा पराभव कुठे आला?

पहिली निवडही याच माहितीवरून करावी. मोठ्या आकाराच्या, पुरुषी अवयवासारख्या वस्तूपेक्षा बाहेरून वापरायचा, मुठीत मावणारा, वेग कमी-जास्त करता येणारा व्हायब्रेटर बहुतेकींना सोयीचा पडतो. सुरुवात सर्वांत मंद वेगानं, हवं तर कपड्यावरून करावी.

खरी काळजी घ्यायची ती वस्तू कशाची बनली आहे याची. पाकीट उघडताच रबरी, उग्र वास आला, पृष्ठभाग जेलीसारखा चिकट लागला, तर ती वस्तू परत करावी. अशा मऊ प्लास्टिकात अनेकदा थॅलेट रसायनं असतात. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २००६मध्ये अशा वस्तूंमधल्या रसायनांची तपासणी केली होती. शिवाय अशा प्लास्टिकाच्या सूक्ष्म छिद्रांतली घाण धुऊनही पूर्ण निघत नाही. सिलिकॉन, एबीएस प्लास्टिक किंवा स्टील यांना ही अडचण नाही. खोक्यावर ‘फक्त गमतीसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर सावध व्हावं, कारण निर्माता शरीरावरच्या वापराची जबाबदारी झटकत असतो. या वस्तूंसाठी २०२१पासून आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रेत्याला त्याविषयी विचारायला संकोच नको. लपूनछपून, बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूबद्दल मात्र काहीच विचारता येत नाही, आणि लाजेची सर्वांत मोठी किंमत बाई इथेच मोजते.

वंगण पाण्यावर आधारलेलं घ्यावं, कारण सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या वस्तूला खराब करू शकतं. घरातलं खोबरेल तेल लेटेक्सच्या कंडोमला कमकुवत करतं. वापरापूर्वी आणि नंतर उपकरण सौम्य साबण व कोमट पाण्यानं धुऊन, पुसून कोरडं ठेवावं. चार्जिंगची जागा जलरोधक नसेल तर पाण्यात बुडवू नये. आणि संभोगाच्या वेळी किंवा एरवीही दुखत असेल, रक्त जात असेल, तर उपकरण बदलत बसण्याऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि काय वापरलं हेही तिथे न लपवता सांगावं.