संगणक-कोपरा : खोडू नका, रेघ मारा



दिवाळीच्या जेवणाची यादी आम्ही स्वयंसेवक गिटमध्ये ठेवतो. कोणत्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दूध, हेही त्यातच. यंदा आमच्याच हातून घोटाळा झाला. पानांचा आकडा चुकला म्हणून शेवटची नोंद, म्हणजे कमिट, काढायची होती. घाईत ‘गिट रिसेट --हार्ड’ने एकाऐवजी दोन पायऱ्या मागे गेलो आणि वर ‘पुश --फोर्स’ही केले. एका वहिनींनी आदल्या रात्री भरलेल्या तीन मुलांच्या शेंगदाण्याच्या नोंदी सगळ्यांच्याच यादीतून गेल्या. जेवणाला दोन दिवस उरलेले, आणि चिवड्यात दाणे ठरलेलेच!

नशिबाने ‘गिट रिफ्लॉग’ आठवला. आपल्या संगणकावर यादीचे टोक कधी कुठे हलले, याची ती रोजनिशी. जुन्या नोंदीचा क्रमांक तिथे सापडला आणि मुलांची नावे परत आली. पण ही रोजनिशी फक्त त्याच संगणकावर असते, आणि अशा सुटलेल्या नोंदी एरवी 30 दिवसच राखते. शिवाय कमिट न केलेला मजकूर तिथेही मिळत नाही. आमची अर्धवट लिहिलेली बाजाराची यादी कायमची गेली.

तेव्हा नियम सोपा. चूक अजून आपल्याच संगणकावर असेल, तर ‘गिट रिसेट --सॉफ्ट हेड~1’. नोंद सुटते, मजकूर हाती राहतो. एकदा ती इतरांकडे गेली, की ‘गिट रिव्हर्ट’च. तो काही पुसत नाही. उलटा बदल करणारी नवी नोंद जोडतो. (आज्ञा टंकताना अर्थातच रोमन अक्षरे!)

प्रयोगशाळेच्या वहीत आम्ही खोडरबर वापरत नाही. एक रेघ, सही, तारीख. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. इथल्या कुयाकुशोतल्या फॉर्मवरही दुहेरी रेघ मारूनच दुरुस्ती करायची रीत. गिट 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतले, आणि त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनिओ हामानो या जपानी संगणकतज्ज्ञाकडे आली. रिव्हर्टची शिस्त मात्र आम्ही वहीत रोज पाळत होतो, संगणकावर विसरलो.

वहिनी रागावल्या नाहीत. “पुढच्या वेळी विचारून पुसा,” एवढेच म्हणाल्या. आता सामायिक यादीवर ‘फोर्स’ बंद केला आहे.

ता. क. : आपापल्या मुलांच्या नोंदी प्रत्येकाने एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, ही विनंती.