कार्डावर ‘ओ’ असेल तर एकदा खात्री करा

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या कार्डावर रक्तगट ‘ओ’ लिहिलेला आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तो एकदा रक्तपेढीत नीट तपासून घ्या.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण रक्त आढळलं. तपासणीत ते ओ दिसे, पण त्याला ओ गटाचं रक्तही चालत नसे. लंडनच्या तज्ज्ञांच्या साथीने त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव जगभर रूढ झालं. ए आणि बी हे घटक ज्यावर तयार होतात तो ‘एच’ घटकच या रक्तात नसतो. ओ गटात तो भरपूर असतो. म्हणून अशा माणसाला ओ रक्त दिलं, अगदी ओ निगेटिव्ह दिलं, तरी शरीर त्या पेशी फोडून टाकतं आणि जिवावर बेततं.

हा आजार नाही. असा माणूस ठणठणीत असतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा गट होतो. त्या दोघांचा स्वतःचा गट ए, बी, एबी काहीही असू शकतो. एबी गटाच्या बापाचं मूल ‘ओ’ निघालं म्हणून बाईवर संशय घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. मुलीचं लग्न मोडेल या भीतीने हा गट लपवू नका. लपवलेला गट बाळंतपणात तिचा जीव घेऊ शकतो.

भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. एकाच जातीत, जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या सोयरिकी कशा जुळतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात एक बॉम्बे निघाला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. त्यांची तपासणी सर्वात आधी करा. रक्त लागलं तर बहुधा तेच कामी येतील.

शिबिरात फक्त पेशी तपासल्या, तर हा गट ओ म्हणूनच सुटतो. रक्तद्रवाची उलट तपासणी आणि ‘अँटी-एच’ चाचणी मागा. गट बॉम्बे निघाला, तर रक्तपेढीत दाता म्हणून नाव आणि फोन नोंदवा, कार्ड खिशात ठेवा.

गरोदर बाईची तपासणी पहिल्या तिमाहीतच उरका. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, रस्त्यावर वडखळला गाड्या अडकतात, आणि साठवलेलं रक्त पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. दाता आधीच ठरलेला हवा.