पाच पायऱ्यांचा सहकार

दोस्तांनो, 'सहकार' हा शब्द या राज्यात जितका झिजला तितका दुसरा कुठला झिजला नसेल. साखर कारखान्यांत आणि बँकांत त्याचं काय झालं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते गृहनिर्माण सहकाराबद्दल. म्हणजे आपण ज्याला नुसतं 'सोसायटी' म्हणतो त्याबद्दल. कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? तिकडं गावागावात बहिष्कार पडतायत, पोरं मारली जातायत, आणि हा लेकाचा लिफ्ट-वॉचमन-मेंटेनन्सवर कागद काळे करतोय! करतोय. कारण आपली पोरं आता चाळीतून, झोपड्यातून फ्लॅटात चाललीत. बँकेत, रेल्वेत, महापालिकेत चिकटलेली पोरं वीस-वीस वर्षांचे हप्ते मानगुटीवर घेऊन दोन खोल्या घेतायत. आणि ती तिथं पोचायच्या आधी गावकूस तिथं पोचलेलं असतं. गेटवर रजिस्टर उघडून बसलेलं असतं.

आधी कायदा बघू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याचं २३ वं कलम म्हणतं, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत तर फ्लॅटच्या हस्तांतराला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही असं सरळ छापलंय. कागद एकदम धुतल्या तांदळासारखा. आणि प्रत्यक्षात? सेक्रेटरीच्या हॉलमध्ये 'ओळख करून घ्यायला' बोलावतात. आडनाव काय, गाव कुठलं, मच्छी-मटण चालतं का, भिंतीवर फोटो कुणाचा लावणार. अमुक जातीला घर देणार नाही असं कुणी लिहीत नाही. लिहायचं कशाला? दलालाला न लिहिलेलं वाचता येतं. तो आडनाव ऐकूनच तुम्हाला पलीकडच्या नाल्याकडची बिल्डिंग दाखवतो.

ज्यांना लिहून ठेवायचंय त्यांचीही सोय झालेली आहे. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली निकाल दिला की फक्त पारशांनाच सभासद करून घ्यायचा उपविधी वैध आहे. आधार कशाचा? घटनेतल्या संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा! पारशांशी माझं भांडण नाही. आटत चाललेला छोटा समाज आहे, त्यांची भीती मला कळते. पण निकाल एका समाजापुरता थांबत नसतो. जे स्वातंत्र्य अल्पसंख्याकाच्या हातात ढाल असतं ते बहुसंख्याकाच्या हातात सुरा होतं. आपल्याला शिवून न घेण्यासाठी एकत्र येणाऱ्यांची 'संघटना' तर या देशात हजारो वर्षं विनानोंदणी चाललेली आहे. तिला आता रजिस्ट्रेशन नंबर मिळायचा तेवढा बाकी.

बरं, घुसलात आत. शेअर सर्टिफिकेट मिळालं. आता कारभार. समितीत अनुसूचित जाती-जमातीसाठी एक जागा राखीव असते. ती कुणी बघितलीय? बहुतेक ठिकाणी ती रिकामी असते आणि रिकामी ठेवली म्हणून काम अडतही नाही. 'उमेदवार उपलब्ध नाही' एवढं लिहिलं की झालं. उमेदवार उपलब्ध नसतो असं नाही. उमेदवार तिसऱ्या मजल्यावर दाराला कडी घालून बसलेला असतो. त्या जागेसाठी अर्ज भरायचा म्हणजे जातीचा दाखला लावायचा, आणि नोटीस बोर्डावर आपलं नाव, पुढं प्रवर्ग. ज्या माणसानं आडनाव बदलून, बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावून, पोरांना 'खाली काही बोलायचं नाही' असं शिकवून इथं पाच वर्षं काढलीत तो त्या बोर्डावर कसा चढणार? मी त्याला भेकड म्हणत नाही. म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या पोरीसोबत संध्याकाळी खाली खेळायला जाऊन बघावं. कायद्यानं खुर्ची दिली, पण खुर्चीपर्यंत चालत जायची वाट त्याच बोर्डावरून काढली.

आता वाटेचाच विषय निघालाय म्हणून माझ्या घरचं सांगतो. माझी आई. तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं. साखरेनं तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चांगली आरशाबिरशाची आहे. पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी पाच पायऱ्या. बिल्डरनं जोतं उंच घेतलं, वर ग्रॅनाइट बसवला, मधोमध तुळशीचं वृंदावन. आईला डॉक्टरकडं न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. एकदा वॉचमननं हात लावला तर त्याला गेट सोडल्याबद्दल दम भरला. आई म्हणाली, "गावात देवळाच्या पायऱ्या चढू देत नव्हते, त्याचं मला काही वाटलं नाही. मला कुठं जायचं होतं आत? पण ह्या तर माझ्या घराच्या हायेत."

मी अर्ज दिला. उत्तर काय तर एका सभासदासाठी सगळ्यांनी खर्च का सोसायचा, आणि इमारतीची शोभा जाते.

शोभेचं सोडा. खर्चाचं बघू. आदर्श उपविधीनुसार लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, कुणी ती वापरो न वापरो. तळमजल्यावरचा माणूस आयुष्यात लिफ्टचं बटण दाबत नाही, तरी दर महिन्याला तो सातव्या मजल्यावरच्या शेठचं ओझं वर चढवायचे पैसे भरतो. तो विचारतो का, एकट्यासाठी मी का सोसू? नाही, कारण त्याला 'सहकार' म्हणतात. मग माझ्या आईच्या पाच पायऱ्यांपाशी आल्यावर हा सहकार कुठं तोंड घालून बसतो?

आणि जागा नाही म्हणतात. साधा हिशोब आहे. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे तीस इंच चढ. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं मान एकास बारा. म्हणजे तीस फूट लांबीचा उतार, वळणाला सपाट जागा वेगळी. तीस फूट म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन मोटारी. आमच्या कंपाउंडात पाहुण्यांच्या मोटारींसाठी चार जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या आहेत. पाहुण्याच्या गाडीला जागा आहे, सभासदाच्या पायाला नाही.

इथंही कायदा आहेच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. त्याच्या ४४ व्या कलमानं सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय नव्या बांधकामाच्या नकाशाला मंजुरी द्यायची नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, ती कधीच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याखालचा १५ वा नियम रद्दबातल ठरवला. का? तर मूळ कायदा म्हणतो निकष पाळलेच पाहिजेत, आणि नियमानं त्यांची नुसती शिफारस करून टाकली होती. सरकारी कारकुनानं 'पाहिजे'चं 'बरं होईल' केलं आणि सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही! सोसायटीवाले यातूनही सुटतात. आम्ही सार्वजनिक इमारत नाही, आम्ही खाजगी, म्हणतात. कामवालीला लिफ्ट बंद करताना, भाडेकरूची जात बघताना, सत्यनारायणाची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात जोडताना मात्र हे खाजगी लोक अख्ख्या बिल्डिंगचे मायबाप असतात.

सरकारनं अपंगाला 'दिव्यांग' केलं. वा! आम्हाला 'हरिजन' केलं होतं तेव्हाही विहीर होती तिथंच होती. नाव देवाच्या खात्यावर आणि जिना माणसाच्या वाट्याला.

कुणी म्हणेल, जात आणि अपंगत्व एक करू नकोस. करत नाहीच. सवर्ण अपंगालाही त्या पायऱ्या अडवतात, पण त्याला उचलायला चार शेजारी धावतात. माझ्या आईच्या खुर्चीला हात लावताना दोघांनी आधी हाताकडं बघितलं, हे मी बघितलंय. आणि त्याच जिन्यानं रोज सकाळी आपलीच माणसं कचऱ्याचे डबे डोक्यावर घेऊन सात मजले उतरतात, कारण 'कचरा नेणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये' असा कागद लिफ्टच्या दारावर चिकटवलाय. धडधाकट माणसाला पायऱ्या चढायला लावायच्या आणि पाय नसलेल्याला पायऱ्यांखाली ठेवायचं. ठरवणारे तेच सात जण.

सर्वसाधारण सभेत ठराव झाला बरं का! 'रॅम्पबाबत सकारात्मक विचार करण्यात यावा.' टाळ्या पण पडल्या. पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचलं तर ठराव गायब. तुम्ही म्हणाल नवल काय? मला महाड आठवलं. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला, तळं खुलं. कागदावर तीन वर्षं खुलं असलेल्या त्या तळ्यातून एक ओंजळ उचलायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन उतरावं लागलं. आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १९३७ साली. ठरावानं तळं खुलं होत नसतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

पण दोस्तांनो, नुसतं त्यांच्या नावानं खडे फोडून भागणार नाही. आपल्याही इमारती आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली आलं. घर फुकट, आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. त्या इमारती चढून बघा. लिफ्ट बंद. पंप बंद. जिन्यात अंधार. देखभालीसाठी बिल्डरनं खोलीमागं २०,००० रुपये ठेवायचे असा वर्षानुवर्षं नियम होता. त्याच्या व्याजावर लिफ्ट किती दिवस चालणार? आणि समितीत कोण? आपलाच चीफ प्रमोटर. ज्याच्या घराला सगळ्यात आधी टाइल्स लागल्या तो. हिशोब मागितला तर 'चळवळीत फूट पाडतोस' म्हणतो. निळा झेंडा खांद्यावर टाकला म्हणून ऑडिट चुकवता येत नाही, हे त्याला तोंडावर सांगणारी पोरं पाहिजेत. सातव्या मजल्यावरची म्हातारी दोन-दोन वर्षं खाली उतरलेली नाही, तिला हा झेंडा खिडकीतूनच दिसतो.

आणि आता वरळी. बीडीडी चाळी. १९७४ च्या जानेवारीत ज्या चाळींत दंगल पेटली, जिथल्या जिन्यांवरून पँथर धावले, त्याच चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या दिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत. आनंदच आहे, का नसावा? पण मनोरे चाळीस मजल्यांचे आहेत. चाळीत नळ गेला तर माणूस खाली येऊन भांडत होता. तिसाव्या मजल्यावर लिफ्ट गेली तर दमेकरी माणूस भांडायला खाली येईपर्यंत मरेल. आज ना उद्या त्या लिफ्टचं बिल रहिवाशांच्याच माथ्यावर येणार. सोसायटी कोण चालवणार, उपविधी कोण वाचणार, पैशाची खातेवही कुणाच्या कपाटात राहणार, हे भांडण आत्ताच भांडायचं आहे. मागासवर्गीयांच्या सहकारी संस्थांना सरकारनं जमिनी दिल्या होत्या, पी.डब्ल्यू.आर. २१९ या नावाची ती योजना. आपल्या किती जणांना त्याची अक्षरं तरी माहीत आहेत? आपल्याला माहीत नसतं ते बिल्डरला पाठ असतं.

हत्यारं आहेत, ती उचला. सहकार कायद्याखाली कुठल्याही सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं फुकट बघता येतात. सेक्रेटरी 'साहेब गावी गेलेत' म्हणेल. अर्ज लेखी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा. एक पंचमांश सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. पन्नास खोल्यांच्या इमारतीत दहा सह्या. दहा! म्हाताऱ्यांच्या मागा, गरोदर बाईच्या नवऱ्याकडं मागा, गुडघे दुखणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या जोशीबुवांकडंपण मागा. गुडघ्याला जात कळत नाही, सही त्यांची पण घ्यायची. आणि राखीव जागेचा अर्ज. दार उघडून बाहेर पडायला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला सोबत लागेल. अर्ज भरायच्या दिवशी दोघं-चौघं त्याच्याबरोबर जा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस चौदा दिवस आधी. आमच्या बोर्डावर ती लागली आहे. विषय क्रमांक पाच, इमारतीस बाहेरून रंग देणे. विषय क्रमांक सहा, गेटवर नवीन कॅमेरे. रॅम्प कुठंच नाही. मी नऊ सह्या गोळा केल्यात. आईनं शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर असल्याची आठवण करून दिली आणि दहावी सही तिनं केली. सभा गच्चीवर ठेवली आहे, लिफ्ट संपते तिथून वर आणखी चौदा पायऱ्या. त्याबद्दल वेगळा अर्ज काल दिला. सभा तळमजल्यावर, कंपाउंडात, त्या पाहुण्यांच्या मोटारींच्या जागेत घ्या म्हणून.